लक्ष्मण गायकवाड यांच्या लेखनातील जातवास्तव आणि चळवळ

मराठवाड्यातील जातीय राजकारणाचा विचार बहुधा नामांतराच्या संदर्भात केला जातो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव संमत केला आणि नांदेडसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. याच प्रदेशातील जातवास्तवाची दुसरी बाजू पोलीस ठाण्याच्या नोंदींत दडलेली होती. लातूर परिसरातील धनेगावचे आणि पुढे कादंबरीलेखनही करणारे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाने ती समोर आणली.

ब्रिटिश राजवटीच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. मात्र सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांमुळे संशय कायम राहिला. ‘उचल्या’त भूक आणि पोलिसी मारहाण यांबरोबरच शाळेत जाणाऱ्या मुलाला होणारा विरोधही येतो. लातूरच्या सूतगिरणीत कामगारांना संघटित करताना लेखकाचा व्यक्तिगत अपमान हक्काच्या प्रश्नाशी जोडला जातो. ‘मी’कडून ‘आम्ही’कडे होणारा हा प्रवास या आत्मकथनाचे राजकीय सूत्र होय.

१९८८ मध्ये या ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तरीही गायकवाड लेखनापुरते थांबले नाहीत. १९९८ मध्ये महाश्वेता देवी व गणेश देवी यांच्यासमवेत त्यांनी विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभारली. पुरस्काराने लेखकास मान्यता मिळाली. जन्मावरून चिकटलेला संशय पुसणे हे काम मात्र चळवळीसाठी शिल्लक राहिले.