जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुने चर्च, पडका वाडा किंवा गावची विहीर उभी राहते. मालवाहू मोटारीचाही कोणी जीर्णोद्धार करील, हे चटकन पटत नाही. परंतु अमेरिकेत आजोबांची किंवा वडिलांची जुनी पिकअप कोठारातून बाहेर काढून, तिच्या किमतीपेक्षा अधिक पैसा ओतून, ती पुन्हा चालती करणारी माणसे आढळतात. हा वेडेपणा समजून घ्यायचा तर त्या वाहनाचा इतिहास पाहावा लागतो.

पिकअप मुळात कारखान्यात जन्मली नाही. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीच्या मागे लाकडी पेटी बसवून गरजू लोकांनीच ती घडविली. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीने १९२५ साली तशी तयार गाडी २८१ डॉलरला विक्रीस आणली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नागरी वाहनांचे उत्पादन थांबले आणि जुन्याच गाड्या डागडुजी करून चालवाव्या लागल्या. युद्धानंतर १९४७ साली शेवरलेटने गोलसर बांध्याची, तिघांना बसता येईल अशी नवी पिकअप काढली. १९४८ पासून फोर्डची एफ मालिका आली. आठवडाभर धान्य, खत आणि जनावरांचा चारा वाहणारी हीच गाडी रविवारी कुटुंबाला उपासनेला नेत असे. म्हणूनच ती घरातली एक होऊन बसली.

अशा शेवरलेटचा जीर्णोद्धार चिकाटीची परीक्षा पाहणारा आहे. गंज प्रथम धरतो तो केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पायफळीपाशी, कारण चिखलपाणी तेथेच साचते. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागतो. मागच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असतो. फळ्यांमधून पोलादी पट्ट्या बसविलेल्या असतात. कुजलेल्या फळ्या बदलणे त्यामानाने सोपे. खरा पेच इंजिनाचा. १९४७ च्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनात दांड्यांच्या बेअरिंगांना मऊ मिश्रधातूचे ओतीव अस्तर असे. ते नव्याने ओतणारे कारागीर आता विरळा. शिवाय आजच्या महामार्गांवरील वेग त्या इंजिनाला मानवत नाही. म्हणून अनेक जण शेवरलेटचेच नंतरच्या घडणीचे इंजिन बसवितात.

येथे आम्हाला प्रश्न पडतो: इंजिन बदलले, पत्रा बदलला, फळ्या बदलल्या, मग वडिलांची म्हणून उरले काय? काही मालक यावर एक तोडगा काढतात. ब्रेक, तारा, टायर यांत तडजोड नाही, कारण तेथे जिवाशी गाठ. परंतु दारावरचा विटलेला रंग, हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, हौद्याला पडलेला पोचा, हे ते तसेच ठेवतात. चकचकीत रंगाखाली गाडी नवी दिसेल, पण तो हात पुसला जाईल, अशी त्यांची भावना. आम्हाला ती योग्य वाटते.

शेवरलेट हे नाव आपल्याला परके नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारींची जोडणी सुरू केली होती. पन्नाशीच्या दशकात तो कारखाना बंद झाला. तेथून निघालेली वाहने रस्त्यांवर झिजली आणि बहुतेक भंगारात गेली. आपल्या वाड्यांतील रहाटांचे आणि बैलगाड्यांचे तरी याहून वेगळे काय झाले? उपयोग संपला, तशी वस्तू नजरेआड झाली.

सर्वच वस्तू राखता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. जागा नाही, पैसा नाही. परंतु भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे: ही कधी घेतली, कोणी चालविली, हा पोचा कसा पडला? ते उत्तर वहीत टिपून ठेवावे. निदान एवढा जीर्णोद्धार प्रत्येक घराच्या आवाक्यात आहे.