हौटुइनिया

हौटुइनिया : (कुल–सॉरूरेसी, शास्त्रीय नाव–हौटुइनिया कॉर्डेटा). ओलसर, दलदली जागी जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू ओषधी. मूळस्थान ईशान्य भारत, चीन, जपान व आग्नेय आशिया. डच निसर्गतज्ज्ञ मार्टेन हौटुइन यांच्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबेर्ग यांनी प्रजातीला हे नाव दिले.

बागेत मुख्यतः ‘कमेलियन’ हा वाण लावतात. हृदयाकृती हिरव्या पानांवर पिवळसर पांढरे व लाल पट्टे उमटतात. दाट सावलीत ते फिके पडतात. पान चुरगळल्यास उग्र वास येतो, काहींना तो माशासारखा वाटतो. फूल म्हणून जे दिसते ते फसवे असते : चार पांढऱ्या ‘पाकळ्या’ म्हणजे छदे होत. खरी फुले मधल्या उभ्या, पिवळसर कणिशावर दाटीने येतात व त्यांना पाकळ्या नसतात.

हौदाचा काठ, पाणी साचणारा कोपरा किंवा उथळ पाण्यातील कुंडी तिला मानवते. माती कोरडी पडली की पानांच्या कडा करपतात. अभिवृद्धी भूमिगत खोडाच्या तुकड्यांनी सहज होते, किंबहुना नको इतकी सहज. उपटताना मातीत राहिलेल्या पेरभर तुकड्यालाही फुटवा येतो आणि शेजारची नाजूक झाडे दबतात. मोकळ्या वाफ्यात ती लावूच नये. लावायचीच तर जमिनीत पुरलेल्या कुंडीत लावावी आणि तिच्यातून खोडे बाहेर पडत नाहीत ना, हे मधूनमधून पाहावे.

मेघालय व मणिपूरमध्ये मूळ रानटी वनस्पतीची पाने आणि भूमिगत खोडे चटणी-कोशिंबिरीत घालतात; व्हिएतनाममध्ये पाने कच्ची खातात. जपानमध्ये वाळलेल्या पाल्याचा चहा करतात.