हेडफोनमधील खरखर : दोष शोधावा कसा?

घरी जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन लावला, की गाण्याआधी गुणगुण किंवा खरखर ऐकू येते, हा हौशी मंडळींचा नेहमीचा अनुभव. स्पीकरवर न जाणवणारा हा आवाज कानालगत लपत नाही. अशा वेळी एकेक सुटा भाग बदलत बसण्यापेक्षा आवाजाचे मूळ शोधणे श्रेयस्कर.

'एलएम ३८६' या लोकप्रिय आयसीचे उदाहरण घेऊ. प्रथम इनपुटची वायर सोडवून आयसीचे इनपुट ग्राउंडला जोडावे. आवाज थांबला, तर दोष वायरीत किंवा ध्वनिस्रोतात आहे. शिल्डेड वायर वापरून पाहावी. आवाज कायम राहिल्यास अ‍ॅडॉप्टरऐवजी ९ व्होल्टची बॅटरी लावावी. गुणगुण गेली, तर ती वीजपुरवठ्यातील समजावी. भारतातील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची गुणगुण १०० हर्ट्‌झची असते. फिल्टर कपॅसिटरची क्षमता वाढवणे आणि पिन ७ व ग्राउंड यांच्यात बायपास कपॅसिटर जोडणे, हा त्यावरील उपाय.

बॅटरीवरही बारीक सळसळ उरल्यास पिन १ व ८ यांच्यामधील १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढावा. त्यामुळे २०० पट होणारे ध्वनिवर्धन २० पटींवर येते. हेडफोनला तेवढे पुरते.

मात्र आउटपुटचा कपॅसिटर कधीही काढू नये. आउटपुटवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा डीसी व्होल्टेज असतो. तो थेट हेडफोनमध्ये गेल्यास त्याची कॉइल जळू शकते. सर्किट सुरू करताना हेडफोन कानाला नसावा, हेही तितकेच महत्त्वाचे. हेडफोन नवा घेता येतो, कान नाही.