भेंड्या

भेंड्या : मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा, पाठांतरावर चालणारा बैठा खेळ. एका गटाने म्हटलेले गाणे, श्लोक किंवा नाव ज्या अक्षरावर संपते, त्या अक्षरापासून दुसऱ्या गटाने पुढचे म्हणायचे. बहुधा दहापर्यंत आकडे मोजतात. तेवढ्यात सुचले नाही तर त्या गटावर ‘भेंडी चढते’. हिंदीत याला अंताक्षरी म्हणतात. मूळ शब्द संस्कृत, अंत्याक्षरी. खेळाला साहित्य लागत नाही, माणसे कितीही चालतात आणि आजी-नातू एकाच गटात बसू शकतात. म्हणून सहलीची बस, लांबचा रेल्वेप्रवास, लग्नघरातली जागरणाची रात्र आणि कोजागरीची गच्ची या त्याच्या हक्काच्या जागा आहेत.

काना-मात्रा धरत नाहीत. ‘ली’ आली तर ल, ला, लो यांतले काहीही चालते. मराठी शब्द ‘ळ’ने किंवा ‘ण’ने सुरू होत नाहीत, म्हणून ‘ळ’ऐवजी ‘ल’ आणि ‘ण’ऐवजी ‘न’ घेण्याची सवलत आहे. श-ष-स यांची अदलाबदल आणि जोडाक्षरांचा निकाल घरोघरी वेगळा. तो आधी ठरवून घेतला नाही तर वाद हमखास. गाण्याच्या भेंड्यांत निदान एक पूर्ण ओळ, तीही चालीत म्हणावी लागते आणि एकदा झालेले गाणे पुन्हा चालत नाही. आरंभी म्हणतात तो हिंदी दोहा ‘म’वर संपतो, त्यामुळे पहिले गाणे बहुतेक वेळा ‘म’चे.

या खेळातली खरी गंमत व्याकरणात आहे. मराठी ओळीच्या शेवटी क्रियापद आले की भूतकाळाचे ला-ली-ले किंवा वर्तमानाचे तो-ते हाती येतात. षष्ठीमुळे चा-ची-चे, हाक मारताना रे आणि ग. म्हणजे ल, त, च, र ही अक्षरे सारखी फिरत राहतात आणि त्यांचा साठा लवकर संपतो. हिंदी गाण्यांत तीच गत है आणि का-की-के यांमुळे ‘ह’ व ‘क’ची होते. मुरलेला खेळाडू म्हणूनच गाणे कुठे थांबवायचे याचा विचार करतो. ध्रुवपदाची पहिली ओळ सोपे अक्षर देत असेल तर तो दुसरीही म्हणून टाकतो आणि समोरच्यांच्या पदरात ‘ठ’ किंवा ‘ढ’ घालतो.

श्लोकांच्या भेंड्या हा खेळाचा जुना आणि अधिक कसदार प्रकार. त्यात समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांचा आधार मोठा. एकूण 205 श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तातले, प्रत्येक चरण बारा अक्षरांचा. एक चाल बसली की मुलांना ते भराभर पाठ होतात. पुष्कळ श्लोक ‘मना’ या हाकेनेच सुरू होत असल्याने ‘म’ची चिंता उरत नाही. काही श्लोकांचा शेवटचा चरण एकच असून तो ‘नी’वर थांबतो, पण ‘न’ने सुरू होणारे श्लोकही तिथेच भरपूर आहेत. ज्या घरांत संध्याकाळी परवचा म्हटला जाई, तिथल्या मुलांना भेंड्यांसाठी वेगळी तयारी करावी लागत नसे. हा प्रकार आज मागे पडला आहे, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

चित्रपटगीतांनी खेळ सर्वांना खुला केला. ‘मैंने प्यार किया’ (1989) या चित्रपटात जुन्या गाण्यांच्या तुकड्यांची अंताक्षरीच रंगवली आहे. 1993 पासून झी टीव्हीवर अन्नू कपूर यांनी सादर केलेल्या ‘अंताक्षरी’ने खेळाला गुण, फेऱ्या आणि धून ओळखण्याची जोड दिली. घरगुती भेंड्यांतही त्यानंतर अशा फेऱ्या शिरल्या.

गाणी न येणाऱ्यांसाठी गावांच्या भेंड्या असतात, आणि मुलांना नकाशा शिकवायला त्यांच्यासारखे साधन नाही. नगर आणि पूर यांमुळे ‘र’, गाव यामुळे ‘व’, वाडीमुळे ‘ड’ वारंवार येतो. रत्नागिरी, राहुरी, वर्धा, वाई, डहाणू असल्याने त्यांचे भय नाही. पुणे, ठाणे, चिपळूण ‘ण’वर संपली तरी नाशिक आणि नांदेड मदतीला येतात. अडचण ‘ल’ची. अकोला, येवला, सांगोला, वेंगुर्ला थेट ‘ल’ देतात. यवतमाळ आणि पन्हाळा ‘ळ’मार्फत तिथेच आणून सोडतात. लोणावळा म्हणणारा तर ‘ल’ घेऊन ‘ल’च परत करतो. लातूर, लोणार, लासलगाव, लांजा आणि लोहा ही गावे ज्याने आधीच मनात राखून ठेवली आहेत, त्याच्यावर सहसा भेंडी चढत नाही.