पिक्चर संपल्यानंतरचे फाळके

गेल्या रविवारी भाची आली होती, म्हणून पुन्हा एकदा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला. परेश मोकाशींचा 2009 सालचा सिनेमा. आमच्या घरात त्याची पारायणं झालेली आहेत, पुढचा संवाद कोण आधी म्हणतो यावर पैजा लागतात. शेवट गोड आहे. सिनेमा चालतो, विलायतेत कौतुक होतं, आणि आपण हसत हसत उठतो.

भाची मात्र उठली नाही. म्हणाली, "मामा, पुढे काय झालं रे त्यांचं? पैसे मिळाले ना?"

तिच्या प्रश्नाला कारण होतं. ती चित्रं काढते. शुभेच्छापत्रं, आकाशकंदील, कॅलेंडरं, असं बरंच काही. दोन दिवाळ्या चांगल्या गेल्या आणि आता ओळखीतले एक गृहस्थ पैसे घालायला तयार आहेत. काय काढायचं आणि किती काढायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं, एवढीच त्यांची अट. तिला रात्र रात्र झोप नाही.

मी "हो, मिळाले की" म्हणून चहा टाकायला गेलो. पण ते काही पूर्ण उत्तर नव्हतं. पूर्ण उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दादासाहेब फाळके म्हणजे लोकांना न कळणारं काहीतरी करून उपाशी मरणारे कलावंत नव्हते. गिऱ्हाईक कसं गोळा करायचं हे त्यांना उत्तम कळत होतं. त्या काळचा प्रेक्षक सहा-सहा तासांच्या नाटकांना सरावलेला. तासाभराच्या पडद्यासाठी तो पैसे का देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली म्हणतात, की इतके हजार फोटो, इतके मैल लांब चित्र, आणि एवढं सगळं अवघ्या तीन आण्यांत! वाण्याच्या दुकानातल्या मापाची ही भाषा आहे, पण ती चालली. 3 मे 1913 ला मुंबईत कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. 1917 च्या ‘लंकादहन’नं तर कहर केला. गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली अशी कथा अजून सांगतात. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच माणसानं केली होती, हे ऐकून भाची पोट धरून हसली होती.

म्हणजे लोकांना आवडेल ते आणि आपल्याला करायचंय ते, यात फाळक्यांना भांडण दिसतच नव्हतं. पुराणकथा त्यांच्याही मनातल्या आणि लोकांच्याही. भांडण झालं ते दुसरीकडेच.

सिनेमाच्या आधी ते छपाईच्या धंद्यात होते. दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स चालवायचे. नवी यंत्रं, नवं तंत्र शिकायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलेलं होतं. पण भागीदारांशी पटेना आणि एक दिवस ते चालत्या धंद्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात मुलंबाळं, हातात काही नाही.

मग सिनेमाचं वेड लागलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित करून दाखवलं. मला ही युक्ती फार आवडते. सावकाराला दाखवण्यासाठीच केलेली गोष्ट, पण तिच्यात सगळा कलावंत दिसतो.

आता सरस्वतीबाई. सिनेमात विभावरी देशपांडेनं त्यांचं काम सुंदर केलंय, तरी खऱ्या सरस्वतीबाईंचं काम त्याहून कितीतरी मोठं. कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, रात्री अंधारात फिल्म धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिने गेले ते वेगळेच. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. एवढी सगळी कामं मीच करते, मी उभी राहिले तर ती कोण करणार, असा त्यांचा सवाल. बिनतोड!

‘हरिश्चंद्र’पासून ‘लंकादहन’पर्यंतची चार-पाच वर्षं हा कारखाना असाच घरातून चालला. आधी दादरला, मग नाशिकला. 1914 मध्ये लंडनला चित्रपट दाखवले तेव्हा तिथे राहून काम करण्याचं बोलावणं आलं. फाळके परत आले. इकडे महायुद्ध सुरू झालं आणि पैशाचे वांधे झाले. पण चित्र काय काढायचं हे सांगणारं वर कुणी नव्हतं.

‘लंकादहन’नंतर मात्र पैसेवाले आपणहून दारात आले. लोकमान्य टिळक, शेठ मनमोहनदास रामजी अशा मंडळींनी लिमिटेड कंपनी काढण्याची खटपट केली, ती जमली नाही. अखेर 1918 मध्ये मुंबईच्या व्यापारी मंडळींबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामनराव आपटे कारभार पाहणार, फाळके चित्रं काढणार. पहिलं चित्र ‘श्रीकृष्णजन्म’. मग 1919 मध्ये ‘कालियामर्दन’, ज्यात कृष्णाचं काम त्यांच्या लहानग्या मंदाकिनीनं केलं. हा चित्रपट बराचसा शिल्लक आहे, मिळाला तर जरूर बघा. सुरुवातीला ती पोर नुसता चेहरा बदलत राहते, एकामागून एक भाव. शंभर वर्षांनंतरही आपण तिच्याकडे बघत राहतो.

आणि असं सगळं चांगलं चाललेलं असताना फाळक्यांनी कंपनी सोडली. भागीदारांना खर्चाचा आणि वेळेचा हिशोब हवा होता. फाळक्यांना मनासारखं होईपर्यंत थांबायचं नव्हतं. ते सहकुटुंब काशीला निघून गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहीत बसले. ‘संदेश’चे अच्युतराव कोल्हटकर परत या म्हणून मागे लागले, तर फाळक्यांनी कळवलं की सिनेमापुरता मी मेलोच आहे समजा. कोल्हटकर पक्के संपादक, त्यांनी फाळके मेले अशाच मथळ्याखाली ते छापलं! पत्रांचा पाऊस पडला. पण ‘रंगभूमी’ चाललं नाही, आणि फाळके त्याच कंपनीत परत आले, या वेळी पगारावर. चित्रपट पुष्कळ केले, पण पहिली गंमत परत आली नाही. 1931 मध्ये बोलपट आले. त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट म्हणजे 1937 चा ‘गंगावतरण’, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

आता गोष्टीतला व्यापारी नेहमी वाईट असतो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो, कारण आमच्या घरातही एक फाळके होते.

बाबांचा नाशिकला छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, खिळ्यांच्या चार केसेस आणि शाईचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. पण पत्रिकेच्या कडेला वेलबुट्टी कशी बसते यावर बाबा दोन-दोन दिवस घालवायचे. पैसे त्याच ठरलेल्या दराने. पुढे त्यांनी भागीदार घेतला. भागीदार सरळ माणूस, हे मी आज म्हणतो. त्याने एवढंच विचारलं की एका पत्रिकेला तीन वेळा खिळे का जुळवायचे. बाबांना तो अपमान वाटला. वर्षभरात भागीदारी मोडली, आईच्या पाटल्या गेल्या, आणि छापखाना पुन्हा बाबांचा एकट्याचा झाला. (आत्या हे वाचून फोन करणार, की घरातलं कशाला लिहितोस. आत्या, भाचीसाठी लिहिलंय गं.)

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. भागीदार येण्यापूर्वी हिशोबाची वही आईकडे असायची. संध्याकाळी ती छापखान्यात येऊन खिळे केसेसमध्ये परत लावायची आणि लावता लावता म्हणायची, "या पत्रिकेला पुरे झालं आता. त्या दुसरीला करा हवं तर, ती माणसं जाणती आहेत." बाबा मुकाट्याने ऐकायचे. वाक्य तेच जे पुढे भागीदार बोलला. पण आईचे हात शाईने काळे असायचे.

मला वाटतं फाळक्यांचंही तेच झालं. सरस्वतीबाईंच्या काळात पैसे कमी होते आणि नकारही होते. पण नकार देणारीला एक फूट फिल्म धुवायला काय लागतं ते माहीत होतं. कंपनीत पैसे आले आणि नकार दुसऱ्या खोलीतून येऊ लागला, वहीतून. व्यापाऱ्यांचं काही चुकलं असं नाही, त्यांचा पैसा होता. फाळक्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. दोन खोल्यांच्या मधे ये-जा करणारं माणूस राहिलं नाही, इतकंच. आणि त्या माणसाचं नाव ना कंपनीच्या कागदावर होतं, ना आमच्या छापखान्याच्या पाटीवर.

तर भाचीबाई, पैसे घे की घेऊ नको हे मी सांगणार नाही. मला तेवढी अक्कल असती तर मी मामा झालो नसतो, शेठ झालो असतो. पण सही करण्याआधी त्या गृहस्थांना आठवडाभर तुझ्या टेबलाजवळ बसव. रंग कालवू देत, चार कंदील चिकटवू देत, दोन बिघडवू देत. त्यानंतर ते जे नाही म्हणतील ते ऐकायला तुला जड जाणार नाही.

आणि बसायला तयार झाले नाहीत, तर तेही उत्तरच आहे.

असो. पुढच्या वेळी येशील तेव्हा पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जाऊन येऊ. येताना आजीच्या हातचा चहा, आणि तिला विचार पाटल्यांचं. मला कधीच नीट सांगितलं नाही तिने. तुला सांगेल.