जॅक पार आणि दोन आद्याक्षरे

११ फेब्रुवारी १९६० च्या रात्री अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी एक अपूर्व दृश्य पाहिले. एन.बी.सी.च्या ‘टुनाइट’ या कार्यक्रमाचे सूत्रधार जॅक पार यांनी कार्यक्रम सुरू होताच भरल्या डोळ्यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि ते रंगमंच सोडून निघून गेले. उरलेला कार्यक्रम त्यांचे सहनिवेदक ह्यू डाउन्स यांना एकट्याने पार पाडावा लागला. या साऱ्याचे कारण दोन आद्याक्षरे होती. हा प्रसंग पार यांच्या लहरीपणाचा नमुना म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्यांचा स्वभाव हळवा व तापट होता हे खरे. तथापि प्रसंगाचे मूळ केवळ स्वभावात शोधणे युक्त नव्हे. उच्चारलेला शब्द आणि श्रोत्यापर्यंत पोहोचणारा शब्द यांमध्ये त्याच सुमारास एक नवे अंतर निर्माण झाले होते, ते ध्यानात घेतल्यावाचून या निर्गमनाचा अर्थ लागत नाही.

पार यांचा जन्म १ मे १९१८ रोजी ओहायो राज्यातील कँटन येथे झाला. लहानपणी ते तोतरे बोलत असत. असा मुलगा पुढे बोलण्यावरच उपजीविका करतो, याचे भाषाभ्यासकास कौतुक वाटावे. शाळा अर्धवट सोडून त्यांनी मिशिगनमधील जॅक्सन येथे नभोवाणीवर निवेदकाची नोकरी धरली. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधील सैनिकांचे मनोरंजन करताना अधिकाऱ्यांची खिल्ली उडविणारा विनोदकार म्हणून त्यांचे नाव झाले. १९४७ च्या उन्हाळ्यात जॅक बेनी यांच्या जागी त्यांना नभोवाणीवर कार्यक्रम मिळाला. त्यानंतरची दहा वर्षे मात्र त्यांच्या कीर्तीत फारशी भर घालणारी ठरली नाहीत.

२९ जुलै १९५७ रोजी ‘टुनाइट’ त्यांच्या हाती आला. सप्टेंबर १९५४ मध्ये स्टीव्ह ॲलन यांनी सुरू केलेला हा कार्यक्रम ॲलन गेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत डबघाईला आला होता. ॲलन हे पियानोवादक व गीतकार होते. गाणी, प्रहसने, रस्त्यावरील गंमती ही त्यांची सामग्री. पार यांच्यापाशी यांतील काहीच नव्हते. त्यांना फक्त बोलता येई. म्हणून त्यांनी कार्यक्रमाचा सारा भार संभाषणावर टाकला. ऑस्कर लेव्हंट, अलेक्झांडर किंग यांसारखे तिरकस, वाचाळ पाहुणे बोलावले, घरातल्या गोष्टी सांगितल्या, भांडणेही चव्हाट्यावर मांडली. बोलता बोलता थबकणे, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरे धरणे ही त्यांची लकब होती. पाठ केलेल्या विनोदाला जे व्यंग ठरले असते तेच येथे खरेपणाची खूण ठरले. पुढे काय बोलले जाईल हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नाही, ही जाणीव हेच त्या संभाषणाचे आकर्षण होते.

१९५९ च्या आरंभापासून हा कार्यक्रम चित्रफितीवर मुद्रित होऊ लागला. संध्याकाळी मुद्रण व त्याच रात्री प्रक्षेपण, अशी व्यवस्था होती. प्रेक्षकाला भेद जाणवत नसे. पण उच्चार आणि श्रवण यांच्यामध्ये आता काही तास पडले, आणि त्या तासांत वाहिनीच्या निरीक्षकाला कात्री चालविण्यास अवसर मिळाला. थेट प्रक्षेपणात निघालेला शब्द परत घेता येत नाही. चित्रफितीवर तो घेता येऊ लागला.

१० फेब्रुवारी १९६० रोजी पार यांनी सांगितलेला किस्सा त्यांचा स्वतःचा नव्हता. तो आधीपासून तोंडोतोंडी फिरत होता. स्वित्झर्लंडमध्ये खोली भाड्याने घेऊ इच्छिणारी एक इंग्रज बाई तेथील शाळामास्तरास पत्राने विचारते की, जवळपास ‘डब्ल्यू.सी.’ आहे काय. शौचकूपाचा उल्लेख पूर्ण शब्दांनी करणे तिला प्रशस्त वाटत नाही. मास्तर बिचारा इंग्रजीत कच्चा. तो गावच्या धर्मगुरूशी विचारविनिमय करून या अक्षरांचा अर्थ ‘वेसाइड चॅपेल’, म्हणजे वाटेवरचे प्रार्थनामंदिर, असा लावतो आणि आदरपूर्वक उत्तर धाडतो: स्थान घरापासून काही मैलांवर असून ते रविवारी व गुरुवारी उघडे असते, आपल्या मुलीचा विवाह तेथेच झाला.

या किश्श्यात एकही अश्लील शब्द नाही. किंबहुना अश्लील मानलेला शब्द टाळण्याच्या धडपडीतूनच तो जन्मला आहे. सौम्योक्तीचा स्वभावच असा की, जी वस्तू झाकावयाची तिचा डाग झाकणाऱ्या शब्दास लागतो, आणि मग नवे पांघरूण शोधावे लागते. मराठीत ‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ शुचिता. ‘परसाकडे’ हा तर निव्वळ दिशावाचक शब्द. दोघांचेही पुढे काय झाले ते सर्वांस विदित आहे. इंग्रजीत हे आवरण झिजत झिजत आद्याक्षरांपर्यंत आले, आणि एन.बी.सी.च्या निरीक्षकांना तीही असह्य झाली. पार यांना न कळविता तो भाग गाळण्यात आला व त्या जागी बातम्या दाखविण्यात आल्या.

येथे पार यांच्या तक्रारीचे नेमके स्वरूप पाहिले पाहिजे. आपला विनोद उच्च होता असा त्यांचा दावा नव्हता. गाळलेला भाग दुसऱ्या रात्री दाखवावा आणि तो आक्षेपार्ह होता की नाही हे प्रेक्षकांना ठरवू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. नुसते गाळल्यामुळे आपण काहीतरी भयंकर बोललो असा समज पसरेल, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मौनाचा अर्थ ऐकणारा आपल्या कल्पनेने भरतो. वाहिनीने नकार दिला, तेव्हा ते निघून गेले. तो निरोपसुद्धा मुद्रितच होता. कापण्यास काही तास हाताशी असूनही वाहिनीने तो प्रक्षेपित होऊ दिला, ही गोष्ट मात्र विसरू नये.

७ मार्च १९६० रोजी ते परतले. मध्येच कोणी बोलणे तोडल्यावर करावी तशी सुरुवात त्यांनी केली, आणि निर्वाहाचा याहून चांगला मार्ग शोधला पण तो सापडला नाही, अशी कबुली देऊन सभागृह हसविले. त्याच वर्षी केनेडी व निक्सन हे दोघेही अध्यक्षपदाचे उमेदवार त्यांच्या कार्यक्रमात येऊन गेले. ३० मार्च १९६२ रोजी त्यांनी ‘टुनाइट’ कायमचा सोडला. १ ऑक्टोबर १९६२ पासून जॉनी कार्सन यांनी तो हाती घेतला व १९९२ पर्यंत चालविला. त्या दीर्घ कारकीर्दीच्या छायेत पार यांची पाच वर्षे झाकली गेली. पार २७ जानेवारी २००४ रोजी वारले.

त्यांच्या ‘टुनाइट’मधील संभाषणांचा अभ्यास करू जाणाऱ्यास आज एक विचित्र अडचण येते. त्या काळी चित्रफिती महाग असत, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरीत. पार यांच्या या पाच वर्षांतील बहुतेक भाग असेच नष्ट झाले. उरले ते तुटक अंश. निरीक्षकांनी गाळलेला एक किस्सा तेवढा शब्दशः सांगता येतो, कारण तो मुखोमुखी चालत आला होता आणि त्यास चित्रफितीची गरज कधी नव्हतीच.