वचन कोणाचे, बोट कोणाकडे
(ईलिंग येथील रविवारच्या सभेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



मागच्या महिन्यात येथेच ईलिंगमध्ये एका घरी आपण काही कुटुंबे मलिद्याला जमलो होतो. एलियाहू हन्नाबीचे गीत झाले, ताट फिरले, आणि बोलणे शेजाऱ्यांवर आले. एका तरुणाने पलीकडच्या हिंदू घरातील विधवा आजींचा विषय काढला. त्यांचे पांढरे पातळ, मंगलकार्यात मागे बसणे. मग त्याने फोनवर अनुवादाचा पंचविसावा अध्याय काढला. मयत भावाच्या निपुत्रिक विधवेशी दिराने लग्न करावे, हा तो नियम. "आपल्या शास्त्रात विधवेवर असला अन्याय नाही," असे तो म्हणाला. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना मात्र मला लाज वाटली. ती का, ते आज सांगतो.

शास्त्र हाती घेऊन दुसऱ्याच्या चालीरीतींवर बोट ठेवण्याची विद्या आपल्या मुंबईत फार जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईस आले. ते मराठी शिकले, आणि 1831 मध्ये ब्राह्मणांशी त्यांचे जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकर यांनी त्याच वर्षी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून उत्तर दिले. विल्सन यांनी पुढे पारशांच्या धर्मग्रंथांचाही अभ्यास केला. 1843 मध्ये त्यांचे पारशी धर्मावरील मोठे पुस्तक निघाले. प्रतिपक्षाचा ग्रंथ त्याच्याहून बारकाईने वाचावा आणि तोच त्याच्यावर उलटवावा, अशी ती रीत होती. परंतु ती एकाच हातात राहिली नाही. आपल्या कोकणातच, आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी ख्रिस्ती धर्ममतांचीच उलटतपासणी मांडली. लोक वाळूवर दाटीने बसून ऐकत. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यांनी त्या वादांचा वृत्तांत छापला, म्हणून तो आज वाचावयास मिळतो.

हिंदू समाजातही हेच शस्त्र घरच्यांवर चालले. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. विष्णुशास्त्री पंडितांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे पुस्तक मराठीत आणले, आणि 1870 मध्ये पुण्यात विधवाविवाह शास्त्रसंमत आहे की नाही यावर पंडितांचा वाद झाला. पराशरस्मृतीतील एका वचनाचा अर्थ काय, यावर सारे अडले होते. त्या सभेत विधवांना कोणी काही विचारले असेल, असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. विल्सन यांनी आपल्या लोकांसाठी 1832 मध्ये मराठीत हिब्रू व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत आपली मुले शिकली. धर्मांतर फारच थोड्यांनी केले, पण तोराची अक्षरे हाती आली; हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र अक्षरांबरोबर एक आरसाही आला. शेमा म्हणणारे, शब्बाथ पाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपण शनवार तेली. आणि तरी विधवेचे पुन्हा लग्न न करणारे, कित्येक गावी गोमांस वर्ज्य मानणारे, गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद पाळणारेही आपणच. हाईम शमुवेल केहिमकर यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेला आपला इतिहास 1937 मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी या चालींपैकी काहींचा संबंध हिंदू शेजाराशी लावला आहे. ते खरेच असावे. पण गणनेच्या पुस्तकात मोशेच्या कुशी पत्नीवरून बोलणाऱ्या मिर्यामेला कोड फुटल्याची कथा आहे; ती वाचणारे आपण काळा इस्राएलांस वेगळ्या पंगतीला बसवीत होतो. तो दोष शेजाऱ्यांच्या माथी मारून भागत नाही.

माझ्या आजीची थोरली बहीण रेवदंड्याकडे दिलेली होती. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. धाकटा दीर होता, अविवाहित होता. अनुवादाचा तो नियम घरी सर्वांना ठाऊक होता. "आपल्यात करत नाहीत," एवढेच वडीलधाऱ्यांनी सांगितले. हलिसाचा विधीही झाला नाही. पुढची साठ वर्षे ती बाई दुसऱ्यांची मुले वाढवीत राहिली. आजी सांगे, लग्नघरी हळद लागताना ती आपणहून परसात जाऊन उभी राहत असे.

आणि तीच वचने पुढे आपल्यावर आली. इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांच्या विवाहांस काही रब्बींनी हरकत घेतली: यांच्यात गेट आणि हलिसा शास्त्राप्रमाणे झाले नसावेत, म्हणून वंशाची शंका. मुख्य रब्बीमंडळाने 1961 मध्ये विवाह वैध ठरविले, पण 1962 च्या सूचनांनी आजी-पणजीपर्यंत चौकशी सुरू केली. आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटला याची दखल घ्यावी लागली, आणि मग त्या सूचना बदलल्या. मला एक गोष्ट राहून राहून बोचते. जी विधवा पुन्हा लग्नच करीत नाही, तिच्या संततीविषयी शंका निघणार तरी कोठून? ज्या चालीला सुधारकांनी अन्याय म्हटले, तीच येथे आपल्या शुद्धतेचा पुरावा ठरू शकत होती. परसात उभ्या राहिलेल्या त्या बाईचा असाही उपयोग झाला असता.

त्या तरुणाला मी हे नंतर अक्सब्रिज रोडवरून चालताना सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तिचे नाव काय होते?" मला ते ठाऊक नाही. आजी तिला नेहमी 'बाय' म्हणे. रेवदंडा, चौल, अलिबाग या बाजूच्या जुन्या कुटुंबांच्या लग्नपत्रिका वा वह्या कोणाकडे असतील, तर त्यांनी सभेनंतर कृपया मला भेटावे.